पाणी भरून झालं की मिस्ड कॉल

सुनेत्रा: मग काय सांगायला हवं होतं मी? डॉक्टरनं सरळ विचारलं, “हे रात्री झोपतात का?” मी म्हटलं, नाही.

अवधूत: “थोडं कमी झोपतो” म्हणायचं. तू एकदम नाही म्हटल्यावर ती लिहीतच सुटली. आरसा बघ, मोटरवेला लागायचा स्लिप रोड संपत आलाय.

सुनेत्रा: बघितला.

अवधूत: उजवीकडून लॉरी येतेय.

सुनेत्रा: तुला दिसतेय ती?

अवधूत: आवाज येतोय.

सुनेत्रा: डोळ्यांत थेंब घातलेल्या माणसानं गॉगल लावून गप्प बसावं. मी आज पहिल्यांदा मोटरवेवर येतेय, तेही तुझ्यामुळे. स्वतः गाडी चालवत येऊ नका असं हॉस्पिटलच्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. तरी सकाळी तूच किल्ली उचललीस.

अवधूत: मला वाटलं नुसतं तपासतील.

विमलाबाई: अरे, भांडू नका रे. गाडी चालून राहिली नं व्यवस्थित? मग झालं. अवधूत, हा गॉगल काढ जरा, बघू दे मला. बाप्पा! कावीळ झाल्यासारखा पिवळा दिसून राहिलास.

अवधूत: काही नाही आई. डोळ्याच्या आतला फोटो काढायला हाताच्या शिरेतून पिवळं औषध देतात. रात्रीपर्यंत उतरेल.

सुनेत्रा: लघवीपण नारिंगी होईल म्हणाले.

अवधूत: हे आईला सांगायची गरज आहे का?

सुनेत्रा: नाही सांगितलं तर त्या बाथरूमच्या बाहेर घाबरून बसतील.

विमलाबाई: मला घाबरायला काय झालं? पण डोळ्यात नेमकं झालं काय, ते मराठीत सांगा मला. त्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून हसत होत्या, मीही हसले. मला ओ की ठो कळलं नाही.

सुनेत्रा: डोळ्याच्या आत पडदा असतो ना आई, त्याच्यामागे पाणी साचलंय. आपल्या भिंतीला ओल येऊन रंग फुगतो ना, तसा पडदा फुगलाय. म्हणून उजव्या डोळ्यानं मधोमध करडा ठिपका दिसतो त्याला, आणि सरळ रेघ वाकडी दिसते. तीन आठवडे हे महाशय ऑफिसात एक्सेलच्या वाकड्या रकान्यांकडे बघत बसले. बोलले नाहीत.

अवधूत: मला वाटलं मॉनिटर खराब झालाय.

सुनेत्रा: मॉनिटर बदलून घेतला ना? नवा आला, तरी रकाने वाकडे. तेव्हाही नाही बोललास. परवा मला विचारतो, “दाराची चौकट अशी वाकलीय का गं?” तेव्हा कळलं मला.

विमलाबाई: अन् हे बरं होते का?

अवधूत: होतं. आपोआप. तीन-चार महिने.

सुनेत्रा: अर्धंच सांग. “बहुतेकांचं आपोआप जातं” म्हणाली. आणि राहिलं, किंवा परत परत झालं, तर डाग कायमचा. हेही म्हणाली. एकशे वीस वेळा “परत होऊ देऊ नका” म्हणाली.

अवधूत: एकशे वीस वेळा नाही म्हणाली.

सुनेत्रा: दोनदा म्हणाली. मला तेवढं पुरलं.

विमलाबाई: पण होते कशानं हे? मोबाइल बघून?

सुनेत्रा: अमक्यानंच होतं असं नक्की सांगता येत नाही म्हणाली. पण ज्यांना हे होतं त्यांतले बरेच जण वर्षानुवर्षं काळजीत असतात, झोपत नाहीत. तशा माणसाच्या रक्तात कसलंसं रसायन वाढलेलं राहतं. धोका आला की पळायला शरीर जे सोडतं ते. याच्या अंगात ते रोजच सुटतं आणि हा पळत कुठेच नाही, खुर्चीत बसतो.

अवधूत: तू डॉक्टर झालीस की.

सुनेत्रा: व्हावं लागलं. डेंटिस्ट म्हणाला दात खातो, रात्री हे प्लास्टिक लावा. आपला फॅमिली डॉक्टर, तो जीपी, म्हणाला ॲसिडिटी, ह्या गोळ्या घ्या. मानेसाठी फिजिओ. त्यात मागच्या महिन्यात बीपी. चार जणांनी चार तुकडे बघितले, आणि एकालाही तू सांगितलं नाहीस की बाबा रे, मी पाच वर्षं झोपलेलो नाही. ही पहिली बाई जिनं विचारलं. विचारलं तेही मला, कारण तू “नो स्ट्रेस, नो स्ट्रेस” करत होतास.

अवधूत: सत्तरच्या वर जातेयस.

सुनेत्रा: पासष्टवर आहे.

विमलाबाई: पाच वर्षं? पाच वर्षं काहून झोपला नाही तो?

अवधूत: सुनेत्रा.

सुनेत्रा: काय सुनेत्रा?

अवधूत: घरी जाऊन बोलू.

सुनेत्रा: घरी गेलास की तू लॅपटॉप उघडतोस. इथे तुला उतरता येत नाही. आई, तुम्ही नागपूरहून रोज सकाळी मिस्ड कॉल देता ना?

विमलाबाई: देते नं. पाणी भरून झालं की देते. सातला. मी बरी आहे, काळजी करू नको, असा त्याचा अर्थ. तसं ठरलंच आहे आमचं.

सुनेत्रा: तुमचे सात वाजतात तेव्हा इथे किती वाजतात?

विमलाबाई: तुमचं मागे असते. साडेचार तास म्हणे, अन् थंडीत साडेपाच… थांब. सातातून साडेचार गेले… अडीच? रात्रीचे अडीच?

सुनेत्रा: थंडीत दीड.

विमलाबाई: अवधूत, तू तर म्हणाला होतास, ट्रेनमध्ये बसलो की बघतो!

अवधूत: बघतो ना ट्रेनमध्ये. परत एकदा बघतो.

सुनेत्रा: मी पहिल्यापासून म्हणतेय, फोन सायलेंटवर टाक, सकाळी उठून बघ, तो मिस्ड कॉल काय पळून जाणार आहे? पण नाही. उशीखाली ठेवायचा. अडीचला थरथरला की बघायचा.

अवधूत: सायलेंट करून बघितला होता मी. उपयोग नाही. तो यायच्या आधीच जाग येते. आपोआप. छाती धडधडत असते. मग पडून वाट बघायची. आला की बरं वाटतं.

विमलाबाई: मग झोपतोस नं?

अवधूत: मग थोडा वेळ आकडे दिसतात. ऑफिसचे वगैरे. उजाडायच्या सुमारास लागतो डोळा.

विमलाबाई: अरे देवा. अन् मी तिकडे फोन करून खुशाल चहा टाकते.

सुनेत्रा: बरं, तिकडचं एक वेळ समजू. पण आई, तुम्ही इथे येऊन दोन महिने झाले. शेजारच्या खोलीत झोपलेल्या असता. आता कसला मिस्ड कॉल? तरी हा अडीचला उठतोच.

अवधूत: पाणी प्यायला उठतो.

विमलाबाई: पाणी प्यायला उठत नाहीस तू. माझ्या दारात येऊन उभा राहतोस.

अवधूत: तुला माहीत आहे?

विमलाबाई: तुमच्या जिन्याजवळची फळी करकरते नं. मला जाग येते. मी डोळे मिटून पडून राहते अन् मोठ्यानं श्वास घेते, तुला ऐकू जावा म्हणून. मग तू जातोस.

अवधूत: रोज?

विमलाबाई: रोजच तर येतोस. मला वाटलं, नवीन जागा आहे, आईला झोप लागली का बघून राहिला. म्हटलं, गुणाचं पोरगं आहे. मला काय माहीत, तू मी जिवंत आहे का ते बघायला येतोस!

अवधूत: असं काय बोलतेस?

विमलाबाई: मग काय बघायला येतोस, सांग.



सुनेत्रा: आई, डावीकडे बघा, विमान उतरतंय. किती खाली आलंय.

विमलाबाई: बघितलं. अवधूत, हे तुझे बाबा गेले तेव्हापासूनचं आहे का?

अवधूत: माझा फोन बंद होता त्या रात्री.

विमलाबाई: चार्ज करायला विसरला होतास. माहीत आहे मला.

अवधूत: विसरलो नव्हतो. बंद केला होता. ऑफिसचे फोन येत होते, वैतागून बंद केला. सकाळी चालू केला तेव्हा शेजारच्या पद्माकरकाकांचा मेसेज होता. मी नागपूरला पोचलो तेव्हा तू अंगणात बसली होतीस आणि सगळं उरकलेलं होतं. बाबांना मी पाहिलंसुद्धा नाही.

विमलाबाई: फोन उचलला असतास तर काय केलं असतंस?

अवधूत: निघालो असतो.

विमलाबाई: दहा मिनिटांत गेले रे ते. पलंगावर बसले, म्हणाले जरा पाणी दे. मी आत गेले, तांब्या भरून आणला, तोवर झालेलं होतं. मी घरात होते बाबू. मी दहा पावलांवर होते, अन् मला नाही जमलं काही. तू लंडनहून काय केलं असतंस?

अवधूत: तू हे कधी सांगितलं नाहीस.

विमलाबाई: तू कधी विचारलं? तू आलास, बँकेची कामं केलीस, मला मोबाइल घेऊन दिलास, मिस्ड कॉल शिकवलास अन् परत गेलास. बाबांविषयी एक शब्द नाही काढला. मीही म्हटलं, पोराला त्रास नको.

सुनेत्रा: मला वाटायचं माझ्यावर रागावलेला असतो म्हणून दात खातो. खरंच. पहिलं वर्षभर मी स्वयंपाकात मीठ कमी करून बघितलं, जास्त करून बघितलं.

अवधूत: वेडी आहेस का?

सुनेत्रा: असेन. माणूस शेजारी झोपून रात्रभर दात खातो आणि सकाळी विचारलं तर “काही नाही” म्हणतो. मी काय समजायचं? मला भीती वाटते अवधूत. आज त्या अंधाऱ्या खोलीत तुझ्या डोळ्याचा फोटो मोठा करून दाखवला ना, तो फुगवटा बघितला मी. आणि तू विचारतोस, तिला का सांगितलंस.

अवधूत: सॉरी.

सुनेत्रा: सॉरी नकोय मला. तू झोपायला हवंस.

विमलाबाई: सुनेत्रा, तू समोर बघ. अवधूत, माझं ऐक. तो मिस्ड कॉल बंद.

अवधूत: नाही. तू एकटी असतेस तिकडे.

विमलाबाई: अरे, मी तरी कुठे हौसेनं देते? आता गच्चीवर टाकी बसवली, मोटर लावली. बटण दाबलं की पाणी. पहाटे उठायची काही गरज नाही मला. तुझ्या मिस्ड कॉलसाठी उठते. तुला झोप यावी म्हणून.

सुनेत्रा: बघ. म्हणजे दोघंही जागे.

विमलाबाई: मंडळाच्या बायका पचमढीला गेल्या तेव्हा मी गेले नाही. तिथे म्हणे रेंज येत नाही. म्हटलं, सातला कॉल गेला नाही तर हा तिथून पुन्हा गोंधळ घालेल.

अवधूत: पुन्हा म्हणजे?

विमलाबाई: आठवत नाही? एकदा रात्रभर लाइट नव्हती, माझा फोन मेला. तू पद्माकररावांना फोन करून झोपेतून उठवलंस, आई उचलत नाही, बघा म्हणून. सत्तर वर्षांचा माणूस, लुंगीवर भिंत चढून अंगणात उतरला, गुडघा फोडून घेतला. अन् मी नळाला हंडा लावून बसलेली! कॉलनीभर झालं. तेव्हापासून मी ठरवलं, जग इकडचं तिकडे होवो, सातला मिस्ड कॉल गेलाच पाहिजे. दिवाळीनंतर मी दवाखान्यात होते नं, तेव्हासुद्धा चुकला नाही. सुलक्षणा द्यायची.

अवधूत: कोण?

विमलाबाई: सुलक्षणा. वरच्या मजल्यावरची भाडेकरीण नाही का, शाळेत शिकवते ती. फार चांगली पोर.

अवधूत: ते नाही. दवाखान्यात म्हणजे?

विमलाबाई: डेंग्यू झाला होता. सगळ्यांनाच झाला होता तेव्हा. चार-पाच दिवस ठेवून घेतलं, सलाइन लावलं, घरी पाठवलं.

सुनेत्रा: आई!

विमलाबाई: काय आई? बरी झाले नं? फोन घरीच होता, तर मी सुलक्षणाला म्हटलं, सातला एवढं एक बटण दाबत जा. पोरगी इतकी नेमाची, एक मिनिट मागेपुढे नाही.

अवधूत: मी ते मिस्ड कॉल बघून बरं वाटून घेतलं होतं. तू आयसीयूत.

विमलाबाई: आयसीयू काही नाही, जनरल वॉर्डात होते.

अवधूत: आई, तू मला खोटं…

विमलाबाई: खोटं काय? मी एक शब्द बोलले नाही.

अवधूत: मला बटण नको होतं, तू हवी होतीस! पाच वर्षं मी त्या एका थरथरीवर… तुला काही झालं असतं तर दुसऱ्या दिवशीसुद्धा आला असता तो कॉल. तिसऱ्याही दिवशी आला असता!

विमलाबाई: ओरडू नको. बीपी वाढेल.

अवधूत: वाढू दे.

सुनेत्रा: अवधूत, मी गाडी चालवतेय. ओरडायचं असेल तर सर्व्हिसेसच्या पेट्रोलपंपावर थांबवते, खाली उतरून ओरड.

अवधूत: थांबवू नकोस. चालव.

विमलाबाई: पण आता तूच बोललास बघ. दुसऱ्या दिवशीसुद्धा आला असता. मग कशासाठी उठतोस रे? ज्याच्यासाठी तू डोळा घालवून बसलास, ते मीच होते की सुलक्षणा होती, हे तुला कळत नव्हतं.

अवधूत: मग मी काय करू? काहीच नको बघू? निवांत झोपू? आणि एक दिवस सकाळी उठून फोन चालू करू?

विमलाबाई: बाबू, एक ना एक दिवस तर तो फोन येणारच आहे. आज नाही, दहा वर्षांनी येईल. तो काही मिस्ड कॉल नसेल. कुणीतरी पूर्ण वाजवेल. तू उचल, रड, विमानाचं तिकीट काढ. पोचशील तेव्हा पोचशील. नाही पोचलास तरी मी तुझ्यावर रागावणार नाही. बाबाही रागावले नसते. पण तोवरच्या सगळ्या रात्री तू आत्ताच का देऊन बसतोस?

अवधूत: मला जमत नाही आई. मी ठरवून उठत नाही. शरीर उठतं.

सुनेत्रा: डॉक्टरनं त्यासाठीच एका क्लिनिकचं नाव दिलंय. जीपीला लिहिणार आहे ती. कुणीतरी बसून बोलतं, झोपायचं कसं ते परत शिकवतं. लाज वाटायचं कारण नाही म्हणाली. हे तू ऐकलं नाहीस, तू कोट शोधत होतास.

अवधूत: ऐकलं मी. बघू.

सुनेत्रा: बघू म्हणजे?

अवधूत: जाईन. जातो.

विमलाबाई: अन् मी रविवारी फोन करीन. तुझ्या सकाळी, चहाच्या वेळेला. बोलायला. बटण दाबायला नाही.

अवधूत: आजारी असलीस तर सांगशील? खरं खरं?

विमलाबाई: सांगीन. पण सांगितल्यावर तू झोपशील का?

अवधूत: माहीत नाही.

विमलाबाई: हं. हे खरं बोललास. चल, फोन दे इकडे.

अवधूत: कशाला?

विमलाबाई: मी इथे तुझ्या मागे बसले आहे. सुनेत्रा शेजारी आहे. आणखी कुणाचा मिस्ड कॉल यायचा आहे तुला? दे. माझ्या पर्सला चेन आहे.

अवधूत: ऑफिसचा आला तर?

सुनेत्रा: ऑफिसला सांगितलंय ना, हॉस्पिटलला जातोय म्हणून?

अवधूत: हो. घे. आणि व्हायब्रेटवरून काढ, नाहीतर पर्समध्ये थरथरत बसेल.

विमलाबाई: पूर्ण बंदच करते. लाल बटण दाबून धरायचं नं?

अवधूत: आई…

विमलाबाई: झाला बंद. पोळीचा लाडू खातोस? सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.

अवधूत: नको. प्रकाश लागतोय डोळ्यांना. सुनेत्रा, तू डावीकडच्या लेनमध्येच राहा. आपण बाहेर पडायचं ते जंक्शन अकरा. एक मैल आधी पाटी येईल, मग तीन रेघांची पाटी, दोन रेघांची…

सुनेत्रा: माहीत आहे मला. टेकून बस तू.

अवधूत: इंडिकेटर आधी दे.

सुनेत्रा: देईन.

विमलाबाई: सुनेत्रा, तुझ्या घरी माहीत आहे का गं हे डोळ्याचं?

सुनेत्रा: नाही, आज सांगेन. रिपोर्ट हातात आल्यावर सांगू म्हटलं. पुण्याला फोन केला की दीड तास. माझी आई तीन प्रश्न विचारते आणि चारशे सल्ले देते.

विमलाबाई: देऊ दे. आयांना दुसरं काय जमते?

सुनेत्रा: आई, तुम्हाला खरंच राग नाही आला? त्याच्या बोलण्याचा?

विमलाबाई: आला नं. थोडा आला. पण पाच वर्षांत पहिल्यांदा ओरडला माझ्यावर. नाहीतर फोनवर “बरी आहेस ना, जेवलीस ना” एवढंच. मला वाटायचं, पोरगं दूरचं झालं.

सुनेत्रा: तो मलाही ओरडत नाही. नुसतं “आरसा बघ” म्हणतो.

विमलाबाई: बराच वेळ झाला, नाही म्हणाला आरसा बघ.

सुनेत्रा: अवधूत?

विमलाबाई: श्श. झोपला.

सुनेत्रा: खरंच? तोंड उघडं आहे का? प्लास्टिक न लावता झोपला की दात खातो तो.

विमलाबाई: उघडं आहे. दात नाही खाऊन राहिला. नुसता झोपला.

सुनेत्रा: अरे बापरे.

विमलाबाई: काय झालं?

सुनेत्रा: आपलं जंक्शन गेलं. मी त्याच्याकडे बघत होते. अकरा नंबर गेला आई, आता बारापर्यंत जाऊन परत यावं लागेल. लांब पडेल.

विमलाबाई: पडू दे. हळू चालव.